वैनीचं पित्त

माझ्या बायकोच्या पित्ताशयातले खडे दिवाळीनंतर निघाले आणि माझ्या वैनीचे पुढच्या पावसाळ्यात. दोघी एकाच घरात राहतात, एकाच स्वयंपाकातलं जेवतात. बायको तिसऱ्या दिवशी एसटीतून उतरून चालत घरी आली. वैनी पाच आठवडे दवाखान्यात राहिली, आणि आली तेव्हा तिला गाडीतून उचलून उतरवावं लागलं. या दोन ऑपरेशनांच्या मध्ये आमच्या घरात काय काय झालं, ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. लोक विचारतात तेव्हा 'नशीब' म्हणतो आणि विषय बदलतो.

कुरुंद्यात माझं औषधांचं दुकान आहे. फार्मसीचा डिप्लोमा करून ते टाकलं. ते शिक्षणही वैनीमुळे झालं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. घरात भाकरी थापायला कोणी नव्हतं, म्हणून त्याच उन्हाळ्यात दादाचं लग्न उरकलं. वैनी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. शेंबड्या पोराला तिने पहिल्याच दिवसापासून 'भाऊजी' म्हणायला सुरुवात केली आणि अहोजाहो करू लागली. "भाऊजी, उठा, शाळा हाय." बारावी झाल्यावर दादाला मी शेतात हवा होतो. वैनी दादासमोर सहसा तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी म्हणाली, "ह्यांला शिकू द्या. शेतात दोन हात कमी पडले तर माझे हायत ना." ते हात तिने पुढे वीस-बावीस वर्षं वापरले.

तिचं दुखणं दोन वर्षांपासूनचं. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाइकं असत, तेव्हा ती मागे खांबाला टेकून उभी राहायची. घरचंच दुकान असून कधी पुढे घुसली नाही. गर्दी ओसरली की यायची.

"भाऊजी, पित्ताची गोळी द्या. इथं धरून राहिलं सकाळपासून."

'इथं' म्हणजे कुठे, हे मी कधी मान वर करून पाहिलं नाही. हात आपोआप फळीकडे जायचा. पहिल्यांदा महिन्याला एक पाकीट, मग आठवड्याला एक. पुढे गोळीने भागेना तेव्हा गुलाबी पातळ औषधाची बाटली दिली. "वैनी, तिखट कमी खात जा," एवढा सल्ला वर. ती "व्हय" म्हणून निघून जायची. दोन-तीनदा दुखणं थांबेचना, तेव्हा गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन आली. चार-पाच वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली होती. त्या गोळ्याही माझ्याच दुकानातून जायच्या. कामाच्या दिवसांत ती त्या घ्यायची विसरते, हे पाकिटांच्या हिशेबावरून मला कळत होतं. बोललो नाही. माझ्या दुकानात पित्ताची गोळी मागणाऱ्या बायका रोज दहा येतात. घरची बाई त्या दहांमधली अकरावी झाली.

दिवाळीत माझ्या बायकोच्या पोटात दुखलं. चकल्या खाल्ल्या आणि तासाभराने ती गडबडा लोळायला लागली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला मी तिला मोटारसायकलवर बसवून वसमतला नेलं, सोनोग्राफी केली. पित्ताशयात बारीक बारीक खडे, पित्ताची नळी मात्र साफ. तिचा भाऊ नांदेडला एका मोठ्या दवाखान्यात कामाला आहे. त्याने तीन वेळा फोन केला, तारीख ठरवून टाकली. मी तिला नेलं ते बायकोच्या काळजीने, आणि खरं सांगायचं तर मेहुण्याच्या भीतीनेही. सर्जन तरुण होता, बोलायला सरळ. पोटावर चार छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने पित्ताशय काढलं. बायको दुसऱ्या दिवशी चहा-बिस्किट खात होती.

घरी आल्यावर वैनीने तिला आठ दिवस उठू दिलं नाही. मऊ भात, बिनतेलाचं वरण, सगळं हातात. एका दुपारी तिच्याजवळ बसून विचारत होती, "तुमचं दुखायचं कुठं, नेमकं?"

बायकोने उजव्या बरगडीखाली हात ठेवला, मग पाठीवर, मग उजव्या खांद्यावर.

वैनीने स्वतःच्या बरगडीखाली हात ठेवला.

बायकोने तेच मला जेवताना सांगितलं. "अहो, जाऊबाईला बी तेच हाय. त्यांची बी सोनोग्राफी करून आणा."

मी दादाकडे पाहिलं. दादा भाकरी मोडत म्हणाला, "करू की. हळद निघू दे. आता हिला नेलं तर मजूर बायांचं कोन बघंल?"

मी म्हणालो, "बराबर हाय." सोनोग्राफीला अर्धा दिवस लागतो. वसमत आमच्यापासून काही लांब नाही. हे मला माहीत होतं, माझ्या दुकानातून रोज दोघं-तिघं चिठ्ठी घेऊन तिथे जातात. तरीही मी "बराबर हाय" म्हणालो.

फेब्रुवारीत हळद काढायला सुरुवात झाली. काढणी, मग शिजवणं, वाळवणं, घोळणं. दोन महिने घरातल्या कोणाला बसायला उसंत नसते. वैनी सकाळी मजूर बायांच्या भाकरी करायची आणि मग दिवसभर वाफेजवळ उभी असायची. पाठीला फडकं घट्ट बांधून काम करताना मी तिला पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "बांधलं की जरा बरं वाटतं."

त्या दिवसांत आमच्याकडे सगळेच पिवळे असतात. नखं, तळवे, टाचा, लुगड्याचे काठ, अगदी भाकरीच्या टोपल्यालाही पिवळा हात लागलेला. त्यामुळे वैनीचा चेहरा पिवळा दिसतो असं शेजारीण म्हणाली, तेव्हा सगळे हसले. हळदीच्या घरात पिवळं दिसणार नाही तर काय. मग एका सकाळी ती दुकानात आली. उन्हाची तिरीप सरळ तिच्या तोंडावर होती आणि मला तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसला. डोळ्यांत हळद जात नाही.

"वैनी, लघवी कशी होते?"

ती लाजली. दिराने विचारण्यासारखा प्रश्न नव्हता. खाली बघत म्हणाली, "लाल-पिवळी होते. आन् अंग लई खाजून राहिलं."

मी त्याच दिवशी दादाला सांगितलं की कावीळ आहे, दवाखान्यात न्यावं लागेल. दादाचं म्हणणं, कावीळ म्हटल्यावर दवाखान्यात काहून जायचं? कळमनुरीच्या बाजूला एका वाडीत कावीळ उतरवणारा एक म्हातारा आहे, तीन रविवार गेलं की माणूस बरा होतो. गावातले कितीतरी बरे झालेत. मी म्हणालो, "वैनीला खडे असतील." दादा म्हणाला, "असतील म्हंजे? तुला दिसले का?" मला दिसले नव्हते. सोनोग्राफी केलेली नव्हती, आणि ती का केलेली नव्हती हे आम्हा दोघांना माहीत होतं. पहिल्या रविवारी मीच गाडी चालवत त्यांना घेऊन गेलो.

म्हाताऱ्याने वैनीच्या तळव्यांवर कसल्यातरी पाल्याचा रस चोळला आणि तिचे हात चुन्याच्या निवळीत धुवायला लावले. पाणी लालभडक झालं. "रगतात उतरली कावीळ," म्हातारा म्हणाला, आणि जमलेली माणसं चुकचुकली. दोन महिने हळदीत बुडालेले हात होते ते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच बनतं, हे आमच्या भागात शेंबड्या लेकरालाही ठाऊक आहे. मी फार्मसी शिकलेला माणूस तिथे उभा होतो. वैनीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवून गाडीकडे गेलो.

दुसरा रविवार आला नाही. गुरुवारी तिला हुडहुडी भरून ताप आला. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. ती असंबद्ध बोलायला लागली, मजूर बायांची नावं घेऊन त्यांना वाफ्यावर बोलवायला लागली. तेव्हा कुठे दादा घाबरला. वसमतला सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी हातात देताना एवढंच विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" पित्ताशय खड्यांनी भरलेलं होतं, आणि तिथून खडे घसरून पित्ताच्या मुख्य नळीत जाऊन बसले होते. नळी तुंबली होती, आत पू झाला होता. तिथूनच नांदेड.

दवाखाना तोच, सर्जनही तोच. आधी अँटिबायोटिक, सलाईन. मग पोटाच्या दुसऱ्या एका डॉक्टरने तोंडातून दुर्बीण घालून खडे ओढायचा प्रयत्न केला. खडे मोठे होते आणि एकावर एक बसलेले, निघेनात. त्याने तुंबलेल्या नळीत प्लास्टिकची एक बारीक नळी, स्टेंट, बसवून पित्ताला वाट करून दिली. दोन दिवसांत ताप उतरला, डोळे निवळायला लागले. पाचव्या दिवशी वैनी उठून बसली आणि बायांनी हळद नीट पसरली का ते विचारायला लागली.

घरी सोडताना सर्जनने मला केबिनमध्ये बसवलं. दुकानदार आहे म्हणून समजेल, असं त्याला वाटलं असावं.

"हे नीट ऐका. स्टेंट हा इलाज नाही, सोय आहे. तो काही महिन्यांत तुंबतो. आता जंतू कमी झालेत, सूज उतरेल. तीन-चार आठवड्यांनी आणा. मी दुर्बिणीतूनच पित्ताशय काढतो, त्याच वेळी नळी उघडून खडे काढतो. त्यांची नळी चांगली रुंद झाली आहे, आत जायला जागा आहे. तोवर साखर आटोक्यात ठेवा. उशीर करू नका."

मी कागद घडी करून खिशात घातला. "आणतो," म्हणालो.

आणलं नाही.

दादाच्या धाकट्या लेकीची सोयरीक डोंगरकडा गावात जमली होती, लग्न मे महिन्यात. दादा म्हणाला, लग्नाच्या घरात ऑपरेशनचं नाव काढू नका, सोयरे म्हणतील आईलाच रोग हाय. मी या वेळेस भांडलो, थोडंसं. तेव्हा वैनीच मध्ये पडली. "भाऊजी, राहू द्या. लेकीला हळद लावायची, मीच न्हाई म्हणल्यावर कसं दिसंल? आता दुखत न्हाई मला." ही गोष्ट मी बरेच दिवस स्वतःच्या बचावासाठी वापरली, की तीच नाही म्हणाली. आता वापरत नाही. ज्या घरात तिने आजवर काही मागितलं नव्हतं, त्या घरात ती दुसरं काय म्हणणार होती?

लग्न चांगलं झालं. वैनी मांडवात फिरली, पंगतीत वाढायला उभी राहिली, लेकीच्या गळ्यात पडून रडली. सगळे म्हणाले, बरी झाली की. दवाखान्यातून एकदा फोन आला. मी म्हणालो, पेरणी झाली की आणतो. दुसऱ्यांदा आला तेव्हा दुकानात गर्दी होती, मी उचललाच नाही. पेरणी झाली, हळदीची लागवड झाली. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटणाऱ्या बाईला दवाखान्यात नेण्यासाठी आमच्या घरातल्या पुरुषांना वेळ कधीच मिळाला नसता.

जुलैत ती अंगणात धुणं पिळताना कोसळली. डोळे पुन्हा पिवळे, अंग भट्टीसारखं तापलेलं, रक्तदाब खाली. नांदेडला पोचेपर्यंत माझी बायको मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

स्टेंट तुंबला होता, त्याच्याभोवती नवा गाळ आणि खडे धरले होते. साखर कुठल्या कुठे गेली होती. या वेळी अतिदक्षता विभाग, पुन्हा तोंडातून दुर्बीण घालून नवा स्टेंट. दहा-अकरा दिवसांनी ती जरा सावरली, तेव्हा तिला जनरल वॉर्डात आणलं. सर्जन म्हणाला, आता घरी सोडत नाही, याच खेपेत ऑपरेशन करून टाकू.

वैनीच्या शेजारच्या खाटेवर हट्टा गावची एक बाई होती, वैनीच्याच वयाची. तिलाही हेच, नळीत खडा. तिचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं, दुर्बिणीतून. छिद्रांतून पित्ताशय काढलं, नळीतला खडा काढला, नळी शिवून टाकली. ती उशीला टेकून पेज पीत होती. माझ्या बायकोने विचारलं, किती दिवसांपासून दुखत होतं?

"दोनदा दुखलं, बाई. तिसऱ्यांदा दुखायच्या आत आले."

"कोन घेऊन आलं?"

"कोन आनणार? मालक जाऊन दहा वरसं झाली, लेकरू न्हाई. दुखलं तशी एसटीत बसले. इचारायला घरात कोन हाय मला?"

ती हे सहज बोलली. कौतुक म्हणून नाही, तक्रार म्हणूनही नाही. वैनी छताकडे बघत होती. खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला दादा पाणी आणतो म्हणून बाहेर गेला. चौथ्या दिवशी ती बाई पिशवी उचलून चालत गेली. जाताना वैनीच्या कपाळावरून हात फिरवून म्हणाली, "व्हतं बरं."

ऑपरेशनच्या सकाळी नर्स संमतीचा कागद घेऊन आली. सर्जनने आम्हाला समजावलं की दुर्बिणीतून सुरुवात करू, पण या वेळी आत चिकटलेलं असणार, गरज पडली तर पोट उघडावं लागेल, पित्त गळण्याचा धोका आहे. नर्सने कागद दादापुढे धरला. दादा सही करायला वाकला तेवढ्यात वैनी म्हणाली, "पोट माझं हाय. सही ह्यांची काहून?"

नर्स म्हणाली, "तुम्हीपण करा, मावशी. दोघांची लागते."

"आधी माझी घ्या."

तिने एकेक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं. दादाने तिच्या खाली सही केली. तीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या घरात तिचं नाव वर आलं असेल.

सकाळी साडेनऊला तिला आत नेलं. दुपारी सर्जन टोपी-गाऊनमध्येच बाहेर आला. "सगळं एकमेकांना चिकटलं आहे. कुठली नळी कुठे जाते ते दुर्बिणीतून स्पष्ट दिसत नाही. हट्टाने पुढे गेलो तर नको ते कापलं जाईल. पोट उघडतो आहे."

दादा म्हणाला, "उघडायचं काहून, साहेब? हिच्या जावेचं चार छिद्रांत झालं."

सर्जनने दादाकडे क्षणभर पाहिलं. "त्या वेळेवर आल्या होत्या," म्हणाला, आणि आत गेला.

संध्याकाळी नर्सने प्लास्टिकच्या डबीत खडे दाखवायला आणले. तपकिरी, काही शेंगदाण्याएवढे, काही बोटाने दाबलं तर भुगा होईल असे. दादाने डबी हातात घेतली नाही, मीही नाही. माझ्या बायकोने घेतली आणि एकेक मोजला. मोजून झाल्यावर आम्हा दोघांकडे पाहिलं आणि डबी परत दिली.

पोटातून दोन नळ्या बाहेर काढलेल्या होत्या, एक पित्ताच्या नळीतून, एक पोटातलं पाणी काढायला. चौथ्या दिवशी दुसऱ्या नळीतून हिरवं यायला लागलं. शिवलेल्या जागेतून पित्त गळत होतं. ते थांबायला अडीच आठवडे गेले. साखरेमुळे जखम पिकली, दोन टाके सुटले, रोज ड्रेसिंग. वैनी ओरडली नाही. ड्रेसिंगच्या वेळी माझ्या बायकोचा हात धरायची आणि तोंड भिंतीकडे करायची. दादा आत आला तर डोळे मिटून घ्यायची. मी आलो तर म्हणायची, "भाऊजी, दुकान उघडं टाकून काहून येता? जा." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसवत नव्हतं. नंतर नळीतून रंग सोडून एक्स-रे काढला तर आत अजून एक लहान खडा दिसला. तो तोंडातून दुर्बीण घालून काढला. म्हणजे तिसरी खेप.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी सर्जनला गाठलं. मला काय हवं होतं ते माहीत नाही. कदाचित त्याची चूक सापडायला हवी होती. म्हणालो, "डॉक्टरसाहेब, नेमकं कुठं चुकलं?"

तो पेन बंद करून बसला. "लोकांना वाटतं दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे फक्त मशीन आणि डॉक्टरचा हात. पण खडे किती, केवढे, कुठे अडकलेले, नळीत किती वेळा पू झाला, साखर किती दिवस वाढलेली, वय काय, हे सगळं घेऊन पेशंट माझ्यासमोर येतो. मी सांगितलेल्या वेळेला आल्या असत्या तर छिद्रांतून झालं असतं, असं मला वाटतं. खात्री देणार नाही, कोणी देत नाही. जुलैपर्यंत आतलं सगळं कडक झालं होतं." मग म्हणाला, "माझंही सांगतो. माझ्यापेक्षा जास्त हात बसलेले सर्जन मोठ्या शहरांत आहेत. त्यांनी कदाचित पोट उघडलं नसतं. पण त्या अवस्थेत त्यांना इतक्या लांब पाठवणं मला धोक्याचं वाटलं."

त्याने त्याचा वाटा उचलला, फार काही न मागता. माझा वाटा उचलायला मला त्याच्यासमोर तोंड उघडता आलं नाही. दोन वर्षांच्या गोळ्या, हळदीचा हंगाम, लाल पाणी, न उचललेला फोन. यातलं काहीच त्याच्या कागदांवर नव्हतं. तिथे फक्त 'उशिरा दाखल' एवढं लिहिलेलं होतं.

वैनी घरी आली ती निम्मी होऊन. दादा सुरुवातीला तिच्या खाटेजवळ बसायचा, तिने काही बोलावं म्हणून. ती बोलायची, पण जेवण झालं का, बैलांना पाणी दाखवलं का, एवढंच. कार्तिकापर्यंत ती हिंडू-फिरू लागली. शुगरच्या गोळ्या आता ती चुकवत नाही. त्या मात्र ती माझ्याकडून घेत नाही. वेशीजवळच्या दुसऱ्या दुकानातून आणते. मी पहिल्यांदा तिला तिथून पाकीट घेऊन येताना पाहिलं तेव्हा म्हणालो, "वैनी, घरचं दुकान असताना?"

"तिथला पोरगा इचारतो, भाऊजी," ती म्हणाली. "शुगर किती आली, कवा तपासली, समदं इचारतो. आन् मंग देतो."

थंडीत तिच्या टाक्यांच्या जागी पोट फुगायला लागलं. खोकलं की फुगीर गोळा वर यायचा. हर्निया. उघडलेल्या आणि पिकलेल्या पोटाला होतो तसा. माझ्या बायकोने सांगितलं तेव्हा आम्ही सगळे ओसरीवर होतो. दादाने सवयीने तोंड उघडलं. "बघू. हळद निघू..." एवढं म्हणून तो थांबला. पण म्हणून झालं होतं.

वैनी भिंतीला टेकून लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "सोमवारी जाऊन राहिले मी. टाईम घेऊन ठेवला डॉक्टरचा."

"कोनासंगं?" दादाने विचारलं.

"आमी दोघी."

मी म्हणालो, "मी गाडी काढतो, वैनी."

"न्हाई भाऊजी. एसटी हाय की."

सोमवारी सकाळी माझी बायको आणि वैनी फाट्यावर उभ्या होत्या, मी दुकानाचं शटर वर करत होतो. वैनीच्या हातात कापडी पिशवी होती, आत जुने रिपोर्ट. एसटी आली. बायकोने आधी तिला चढवलं, मग स्वतः चढली. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी वसमतच्या दिशेने निघाली. दुकानात एक बाई येऊन उभी होती. तिने पदराने तोंड पुसत पित्ताची गोळी मागितली. मी तिला बाकावर बसवलं आणि कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, ते विचारायला लागलो. ती वैतागली. म्हणाली, "द्यायची तर द्या, न्हाई तर तिकडून घेते," आणि निघून गेली.